क्लच वायर: तुटण्याआधी आणि तुटल्यावर

या पानावर आम्ही घरात रोज लागणाऱ्या वस्तूंविषयी लिहीत असतो. मोटरसायकल ही आता अशीच घरातली वस्तू झाली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ती एकट्या मुलाची नसते, सगळ्या घराची असते. सकाळी ती अब्बांना वावरात सोडते, दहा वाजता मुलांना शाळेत नेते, आठवडी बाजाराच्या दिवशी पिशव्या आणते आणि रात्री-बेरात्री कुणाला बरे वाटेनासे झाले तर दवाखान्यातही तीच नेते. जिल्हा १६ तालुक्यांचा. एका अंगाला वर्धा नदी, दुसऱ्या अंगाला पैनगंगा. उमरखेडच्या माणसाला यवतमाळला यायचे तर महागाव आणि आर्णी ओलांडावे लागते. अशा अंतरांवर गाडी मध्येच थांबली की सगळे घर थांबते.

गाडी थांबवणाऱ्या गोष्टींत क्लच वायर ही सर्वात स्वस्तातली. साध्या गाडीची वायर दीडशे-दोनशे रुपयांच्या घरात मिळते. पण तिच्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते, कारण ती तुटेपर्यंत गाडी चालत असते. टायर गुळगुळीत झालेला डोळ्यांना दिसतो. वायर मात्र काळ्या नळीच्या आत एकेक तार करून तुटत जाते.

ही वायर करते काय, ते आधी समजून घेऊ. सायकलच्या ब्रेकला असते तशीच ही रचना आहे: बाहेर न दबणारी नळी आणि आत सरकणारा पोलादी तारांचा पीळ. इंग्लंडमधल्या बाऊडन नावाच्या गृहस्थांनी १८९६ साली तिचे पेटंट घेतले आणि सव्वाशे वर्षांनंतरही आपल्या साध्या गाड्यांत तीच रचना चालू आहे. गाडीच्या क्लच प्लेटा मजबूत स्प्रिंगांनी एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात. त्यामुळे इंजिनाची ताकद चाकाला मिळते. आपण डाव्या हाताने लिव्हर दाबतो तेव्हा वायर ओढली जाते, प्लेटा सुट्या होतात आणि इंजिन चाकापासून वेगळे होते.

यातून एक गोष्ट निघते, आणि आजच्या लेखातली सर्वात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. वायरीवर ताण येतो तो लिव्हर दाबल्यावर. म्हणून ती बहुधा तुटते तीही लिव्हर दाबलेली असतानाच, म्हणजे थांबताना, निघताना किंवा गिअर बदलताना. आणि तुटली की क्लच दाबलेला राहत नाही, उलट एकदम सोडल्यासारखा होतो. शाळेच्या फाटकासमोर पहिला गिअर टाकून, क्लच दाबून तुम्ही उभे आहात, पुढे टाकीवर लहान मूल बसले आहे आणि त्या क्षणी वायर तुटली, तर गाडी पुढे उडी घेते. बहुतेक वेळा इंजिन लगेच बंद पडते, पण तेवढ्या हिसक्याने मूल पडू शकते किंवा समोरच्या माणसाला धक्का लागू शकतो. म्हणून थांबायचे असेल तेव्हा न्यूट्रल करून थांबावे. क्लच दाबून गिअरमध्ये उभे राहण्याची सवय घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याने सोडावी. ही सवय बदलायला पैसा लागत नाही.

वायर तुटण्याआधी खुणा देते. पहिली खूण, लिव्हर जड होते. बोटांना रोजच्यापेक्षा जास्त जोर लागतो, किंवा लिव्हर सोडल्यावर ती हळूहळू परत येते. दुसरी, ढील पुन्हा पुन्हा वाढते. आज मिस्त्रीकडून क्लच टाइट करून आणला आणि आठ दिवसांत तो पुन्हा ढिला झाला, तर आतल्या तारा तुटू लागल्या आहेत असा संशय घ्यावा. तिसरी, क्लच पूर्ण दाबूनही गिअर खटकन पडतो, न्यूट्रल सापडत नाही. चौथी खूण अगदी स्पष्ट असते. लिव्हरपाशी वायरीच्या टोकाला धातूची गोळी असते, तिच्याजवळ केसासारख्या बारीक तारा बाहेर आलेल्या दिसतात. मोबाईलची बॅटरी लावून, लिव्हर दाबून पाहिले की त्या दिसतात. अशी एक जरी तार दिसली तरी वायर बदलावी. उरलेल्या तारांवर तेवढाच भार जास्त पडतो आणि मग त्या भराभर जातात.

तुटण्याची जागाही बहुधा हीच, गोळीजवळची. गोळी लिव्हरच्या घरात फिरती राहिली पाहिजे. तिथले ग्रीस वाळले, धूळ बसली की गोळी अडकते, आणि प्रत्येक दाबाला वायर त्याच एका ठिकाणी वाकते. एखादी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवून आपण तोडतो, तसेच हे आहे. आपल्याकडे उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यात पांदण रस्त्याची काळी माती, दोन्ही तिथे जाऊन बसतात. पराटीच्या हंगामात गाडीवर ओझेही जास्त आणि चिखलात क्लच दाबणेही जास्त. म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा लिव्हरचा बोल्ट काढून, जागा पुसून गोळीला व बोल्टला थोडे ग्रीस लावावे. नळीच्या आत तेल सोडायचे की नाही ते मात्र गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. काही वायरींना आतून प्लास्टिकचे अस्तर असते आणि त्यांना तेल नको असते. इंजिनातून काढलेले जळके ऑइल तर कोणत्याच वायरीत घालू नये.

आता समजा, वायर रस्त्यातच तुटली. पांढरकवड्याकडे टिपेश्वरच्या जंगलालगतचा रस्ता आहे, मगरिबची वेळ झाली आहे, मागे बायको-मुले आहेत. पहिली गोष्ट, घाबरू नये. दोन्ही ब्रेक शाबूत आहेत. वायर तुटल्याने ब्रेकला काही होत नाही. अॅक्सिलरेटर सोडावा, डाव्या बाजूला यावे, वेग अगदी कमी झाला की पायाने न्यूट्रल करावे आणि ब्रेक लावून थांबावे. न्यूट्रल नाही सापडले तर शेवटी इंजिन हिसका देऊन बंद पडेल, तो हिसका वेग कमी असताना सोसण्यासारखा असतो. थांबल्यावर आधी मागच्या माणसांना रस्त्याच्या कडेला, गाडीपासून दूर उभे करावे. इंडिकेटर चालू ठेवावा. गाडीकडे नंतर पाहावे.

क्लचशिवाय गाडी चालवता येते, हे अनेकांना ठाऊक आहे. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू करायचे, गाडीला चालण्याइतका वेग द्यायचा आणि पहिला गिअर टाकायचा. पुढचे गिअर टाकताना अॅक्सिलरेटर क्षणभर सोडून पाय दाबायचा. थांबण्याच्या बरेच आधी न्यूट्रल करायचे. पण ही युक्ती जवळच्या गॅरेजपर्यंत जाण्यापुरतीच आहे, आणि तिला अटी आहेत. चालवणारा सरावाचा हवा, मागे कुणी बसलेले नको, ओझे नको आणि रस्ता मोकळा हवा. बाजाराची गर्दी, चौक, चढाचा घाट अशा ठिकाणी हे करू नये. साडी, बुरखा किंवा सैल ओढणी असलेल्या व्यक्तीने धावत गाडी ढकलून तिच्यावर बसण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. बायको-मुलांना एसटीने किंवा ओळखीच्या गाडीने पुढे पाठवावे आणि मग एकट्याने गाडी न्यावी, हेच शहाणपणाचे. ढकलत न्यावी लागली तरी त्यात कमीपणा नाही.

वायर बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. मिस्त्रीकडून करून घ्यावे हे उत्तम, पण घरातल्या एकाला तरी ते येत असावे. जुम्म्याला दुपारी अनेक गॅरेज बंद असतात, सणाच्या दिवसांत तर विचारायलाच नको. काम असे. जुन्या वायरीचा मार्ग कुठून कुठे गेला आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढावा. लिव्हरपाशी आणि इंजिनापाशी असे दोन्हीकडचे अॅडजस्टर पूर्ण ढिले करावेत. लिव्हर, अॅडजस्टर आणि त्याचा नट यांना एकेक खाच असते. तिन्ही खाचा एका रेषेत आणल्या की गोळी सहज निघते. मग इंजिनाच्या बाजूच्या आखूड दांड्यातून दुसरे टोक सोडवावे. नवी वायर त्याच मार्गाने, त्याच कड्यांतून न्यावी. ती तापलेल्या सायलेन्सरला लागता कामा नये आणि कुठे एकदम वाकता कामा नये. लावण्याआधी जुनी आणि नवी शेजारी ठेवून लांबी व दोन्ही टोके सारखी आहेत ना, ते पाहावे. दिसायला सारख्या दोन गाड्यांच्याही वायरी वेगळ्या असू शकतात, म्हणून दुकानात गाडीचे नाव आणि वर्ष सांगावे, जमले तर जुनी वायरच घेऊन जावे.

लावून झाल्यावर ढील ठेवायची. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल असावी, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. ढील मुळीच ठेवली नाही तर प्लेटा पूर्ण दाबल्या जात नाहीत, घसरतात आणि जळतात. मग दोनशे रुपयांचे काम हजारांवर जाते. जास्त ठेवली तर क्लच पूर्ण सुटत नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे, वायर कुठे ताणली जात नाही ना. शेवटी इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकावा. लिव्हर दाबल्यावर गाडी ढकलली गेली पाहिजे आणि सोडल्यावर अडली पाहिजे. हे जमले की काम बरोबर झाले. दोन दिवस चालवल्यावर नवी वायर थोडी बसते, तेव्हा ढील पुन्हा एकदा तपासावी.

ज्यांनी बजाज चेतकचे दिवस पाहिले आहेत त्यांना आठवत असेल, डिकीत एक जादा वायर गुंडाळून ठेवलेली असायची. ती रीत चांगली होती. आजही सीटखाली किंवा साइड बॉक्समध्ये नवी क्लच वायर, आपल्या गाडीला लागणारे दोन पाने आणि एक पक्कड एवढे ठेवता येते. लांबचे जाणारे काही जण नवी वायर जुनीच्या शेजारूनच नेऊन, टोके प्लास्टिकने बांधून ठेवतात. वेळ आली की फक्त टोके बदलायची.

घरातल्या मुलींविषयी एक गोष्ट सांगायला हवी. अनेक जणी बिनगिअरच्या स्कूटरवर शिकतात. तिथे डाव्या हातात मागचा ब्रेक असतो, मोटरसायकलवर त्याच जागी क्लच असतो. मोटरसायकल हाती देण्याआधी हा फरक मोकळ्या मैदानात नीट समजावून द्यावा.

आणि मोठ्यांनाही आमचे सांगणे आहे. मुलगा किंवा मुलगी "क्लच जड लागतोय" असे म्हणत असेल तर "कालपर्यंत तर चालत होती" असे म्हणून गप्प करू नये. वायरीने दिलेली सूचना तीच असते. हाती पैसे आल्यावर बघू, पुढच्या बाजारच्या दिवशी बघू, असे म्हणता म्हणता ती तुटते, आणि तेव्हा गाडीवर कोण बसलेले असेल हे आपल्या हाती नसते. ज्याला खूण जाणवली त्याने घरात सांगावे, आणि सांगितल्याच्या आठवड्यात वायर बदलली जावी, असा घरचा नियमच करून टाकावा.

पुढच्या महिन्यात याच पानावर ब्रेकविषयी लिहू.