‘मॅन्युअल वाच’ हे उत्तर नव्हे

कंटेनर म्हटलं की बहुतेकांना डॉकर आठवतं. पण त्याच्याही आधी, २००८ पासून, लिनक्सवर एलएक्ससी आहे. डॉकरमध्ये आपण सहसा एकच अ‍ॅप्लिकेशन बांधतो. एलएक्ससीमध्ये अख्खी सिस्टिम उभी राहते, तीही वेगळ्या कर्नलशिवाय. जुन्या लॅपटॉपवर चार-पाच ‘मशीन्स’ चालवून शिकायचं असेल, तर यासारखं साधन नाही.

फक्त ते नीट समजावून सांगायला आपण तयार नाही. आणि माझं म्हणणं असं की, अपुरं डॉक्युमेंटेशन ही गैरसोय नाही, सुरक्षेतली चूक आहे.

का ते सांगतो. एलएक्ससीचे कंटेनर दोन प्रकारचे. ‘प्रिव्हिलेज्ड’मध्ये आतला रूट म्हणजे बाहेरचाही रूट, दोघांचा आयडी ०. ‘अनप्रिव्हिलेज्ड’मध्ये आतला ० बाहेर, समजा, १००००० होतो, कुणी कंटेनर फोडून बाहेर आलाच, तर त्याच्या हातात फारसे अधिकार नसतात. पहिला प्रकार आतल्या रूटपासून सुरक्षित नाही, हे एलएक्ससी बनवणारेच सांगतात.

आता गंमत बघा. असुरक्षित कंटेनर सुडो लावून एका कमांडमध्ये तयार होतो. सुरक्षित हवा असेल तर सबयूआयडी आणि सबजीआयडी फायलींत नोंदी हव्यात, तेच आकडे आपल्या कॉन्फिगरेशनमध्ये हवेत, नेटवर्कची वेगळी परवानगी हवी, शिवाय होम फोल्डरमधून आत जायची वाट त्या १००००० ला मोकळी हवी. एक गोष्ट चुकली की ‘परमिशन डिनाइड’. शोधायला गेलं की जुनी उत्तरं सापडतात. २०१७ च्या २.१ आवृत्तीत कॉन्फिगरेशनमधली नावं बदलली आणि २०१८ च्या ३.० मध्ये जुनी बंदच झाली. ‘आयडी_मॅप’चं ‘आयडीमॅप’ झालं. एका अंडरस्कोअरचा फरक! जुनी फाइल बदलून देणारी स्क्रिप्ट सोबत आली, पण इंटरनेटवरची जुनी उत्तरं कोण बदलणार?

रात्री एक वाजता थकलेला माणूस काय करतो? सुडो. मीही तेच केलं होतं.

‘मॅन्युअलमध्ये सगळं आहे,’ असं सीनियर म्हणतात. आहे ना, एकेका सेटिंगचा अर्थ आहे. पण शब्दकोश हातात दिला म्हणून कुणाला भाषा येत नाही. कशानंतर काय करायचं आणि अडलं तर कुठे बघायचं, हे कुणीतरी सांगावं लागतं.

‘लोक फुकट काम करतात, त्यांच्याकडून किती अपेक्षा करायची?’ हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच माझा राग त्यांच्यावर नाही, आपल्यावर आहे. दुसऱ्या दिवशी मला होम फोल्डरची परवानगी सापडली, कंटेनर चालला आणि मी सगळे टॅब बंद केले. कुठेही काही लिहिलं नाही. महिन्याभराने टीममधली नवी मुलगी नेमकी तिथेच अडली. तिनेही सुडोच लावलं होतं.

तेव्हा अडलात तर तीन गोष्टी लिहा: आवृत्ती कोणती होती, एरर शब्दशः काय आली, कशाने सुटली. आणि सुरक्षित रस्ता आधी लिहा, सोपा नंतर. मी आमच्या टीमच्या नोंदींत चार ओळी लिहिल्या, दहा मिनिटं लागली. त्या महिन्याभरापूर्वीच लिहायला हव्या होत्या.