फोनवरून पैसे गेले तर घरच्यांना ओरडू नका, आधी १९३० लावा

आज कांद्यावर नाही, फोनवर लिहितोय.

आमच्या चुलत्यांनी उन्हाळ कांदा सिन्नरला विकला. पट्टीचे पैसे खात्यात आले आणि तिसऱ्या दिवशी खातं रिकामं. झालं काय, तर गावच्या ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची फाईल आली होती. पाठवणारा ओळखीचा. अण्णांनी उघडली, फोनने जे जे विचारलं त्याला 'अलाऊ' दाबलं. संपला विषय.

यातली मेख समजून घ्या. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर तो फोटो नाही, फॉर्म नाही, ते ॲप असतं. त्याला मेसेज वाचायची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी चोराला आपोआप दिसतो, तुम्ही कोणाला सांगायची गरजच नाही. मग तुमच्याच नंबरवरून तीच फाईल पुढच्या ग्रुपवर जाते. म्हणून 'ओळखीच्याने पाठवली' याला काही अर्थ नाही, तो बिचारा स्वतःच फसलेला असतो.

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत येतात. ई-केवायसी सरकारी पोर्टलवर, प्ले स्टोअरवरच्या सरकारी ॲपवर नाहीतर सीएससी केंद्रात होते. व्हॉट्सॲपच्या फाईलने कोणाचाच हप्ता सुरू होत नाही.

पण माझं खरं म्हणणं पुढेच आहे. अण्णांना पैसे गेल्याचं दुसऱ्याच दिवशी खताच्या दुकानात कळलं होतं. घरी सांगितलं दोन दिवसांनी. का? 'पोरं बोलतील' म्हणून. आणि आम्ही बोललोच असतो. वर्षभर आम्हीच म्हणत होतो, 'तुम्हाला काय कळतं त्यातलं.'

ते दोन दिवस महागात पडले. १९३० वर लगेच तक्रार गेली तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अडवता येतात. उशीर झाला की ते पुढे दहा खात्यांत फिरतात. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियमही असाच आहे: आपल्या चुकीने गेलेले पैसे बँकेला कळवेपर्यंत आपले नुकसान, कळवल्यानंतर गेले तर बँकेचे. म्हणजे म्हाताऱ्या माणसाची भीती हीच चोराची कमाई. फाईल उघडणं ही चूक एका मिनिटाची, घरातला दरारा मात्र आपण रोज वाढवतो.

आमच्या घरी आता एवढं ठरलंय:

१. पट्टीचे पैसे येतात ते खातं फोनला जोडायचं नाही. यूपीआयसाठी वेगळं खातं, त्यात दोन-तीन हजारच.
२. सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपला बाहेरचं ॲप टाकायची परवानगी बंद.
३. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की समजायचं, पैसे जाणार आहेत.
४. गडबड वाटली की फोनचं नेट बंद, दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३०. नंबर भिंतीवर, वायरमनच्या नंबरशेजारी लिहिलाय.
५. ज्याच्या हातून झालं त्याला कोणी एक शब्द बोलायचा नाही.

पहिले चार नियम कुठेही वाचायला मिळतील. पाचवा नसेल तर ते चारही वेळेवर कामाला येत नाहीत.

अण्णांचे पैसे अजून आले नाहीत. आज रात्री जेवताना घरच्यांचे फोन बघा, पण तपासणीसारखे नको. शेजारी बसून बघा.