वारसा यंत्रांचा, प्रश्न प्राणांचा : आयल ऑफ मॅनच्या शर्यतींचा धडा

जुन्या मोटरसायकलींच्या शर्यती म्हणजे हौशी मंडळींचा विरंगुळा, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र या शर्यतींना जेथे सर्वाधिक प्रतिष्ठा लाभली, त्या आयल ऑफ मॅन बेटाचा इतिहास पाहिला असता तो समज अपुरा ठरतो. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधील समुद्रात वसलेल्या या बेटाच्या सार्वजनिक रस्त्यांवर मोटरसायकल शर्यतींची परंपरा घडली आणि त्याच रस्त्यांच्या धोक्यामुळे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेने बेटाकडे पाठ फिरवली. मागे उरलेला वारसा जपताना त्यातील धोकाही जपावा काय, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

कायद्यातील फरकातून जन्म

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनमध्ये वाहनांना ताशी २० मैलांची वेगमर्यादा होती आणि शर्यतींसाठी रस्ते बंद करण्यास संसद राजी नव्हती. आयल ऑफ मॅनला स्वतःचे कायदेमंडळ असल्याने तेथे १९०४ मध्ये तशी तरतूद करण्यात आली. १९०७ मध्ये पहिली 'टुरिस्ट ट्रॉफी', अर्थात टीटी, पार पडली. एक सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर हा मॅचलेसवर, तर दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर हा नॉर्टनवर विजयी झाला. कॉलियरचा सरासरी वेग ताशी ३८ मैलांच्या आसपास होता.

१९११ मध्ये ही शर्यत डोंगराळ मार्गावर नेण्यात आली. सुमारे ६० किलोमीटरच्या या मार्गाच्या कडेला दगडी भिंती, घरे आणि खांब आहेत. त्याच वर्षी मुख्य शर्यतीतील पहिले तिन्ही क्रमांक अमेरिकेतील 'इंडियन' कंपनीच्या मोटरसायकलींनी पटकावले आणि त्याच वर्षी या मार्गाने पहिला बळीही घेतला.

सुवर्णकाळ आणि फारकत

१९४९ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, तिची पहिली फेरी याच बेटावर झाली. ५०० सीसी गटातील पहिला विश्वविजेता लेस ग्रॅहम हा १९५३ मध्ये याच मार्गावर मृत्युमुखी पडला. तरीही स्पर्धेचे आकर्षण वाढतच गेले. ब्रिटिश नॉर्टनचे एक सिलिंडरचे इंजिन आणि गिलेरा, एमव्ही आगुस्ता या इटालियन कंपन्यांची चार सिलिंडरची इंजिने यांच्यातील चुरस हे त्या दशकाचे वैशिष्ट्य ठरले. १९५७ मध्ये बॉब मॅकिन्टायरने गिलेरावर ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी वेगाने फेरी पूर्ण केली. असे करणारा तो पहिलाच होता.

१९५९ मध्ये जपानची होंडा येथे उतरली. अवघ्या दोन वर्षांनी माइक हेलवुडने होंडावर १२५ आणि २५० सीसीच्या शर्यती जिंकल्या, तर त्याच सप्ताहात ५०० सीसीची शर्यत नॉर्टनवर जिंकली. मावळते आणि उगवते पर्व एकाच स्वारामुळे एकत्र आले. त्यानंतर अल्पावधीतच नॉर्टनच्या शर्यतीच्या मोटरसायकलींचे उत्पादन थांबले. खासगी स्पर्धकांनी सांभाळलेल्या याच मोटरसायकली पुढे 'क्लासिक' शर्यतींचा कणा बनल्या.

१९७२ मध्ये इटालियन स्पर्धक जिल्बेर्तो पार्लोत्ती याचा टीटीत मृत्यू झाला. दहा वेळा टीटी जिंकलेल्या जाकोमो आगोस्तिनी याने त्यानंतर येथे कधीही न धावण्याचा निर्णय घेतला आणि इतर नामवंतही दूर राहिले. अखेर १९७६ नंतर टीटीचा जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा गेला, तर १९७७ पासून ब्रिटनची फेरी सिल्व्हरस्टोनच्या बंदिस्त धावपट्टीवर होऊ लागली. जागतिक स्पर्धेने सुरक्षिततेची वाट धरली, बेटाने परंपरेची.

स्मरणरंजनाचा वेग

१९७८ मध्ये अडतीस वर्षांचा हेलवुड दीर्घ खंडानंतर परतला आणि डुकाटीवर विजयी झाला. जुन्या काळाविषयी लोकांना किती ओढ आहे, हे त्यातून दिसून आले. १९८३ मध्ये 'मँक्स ग्रां प्री' या हौशी स्पर्धकांच्या स्पर्धेत जुन्या मोटरसायकलींचे स्वतंत्र गट सुरू झाले आणि २०१३ मध्ये 'क्लासिक टीटी' हे नाव पुढे आले.

परंतु येथे धावणारी सगळीच यंत्रे खरोखर जुनी नसतात. मूळ यंत्रे दुर्मीळ आणि महाग झाल्याने अनेक जण आधुनिक धातू आणि अचूक यंत्रकाम वापरून घडवलेल्या प्रतिकृतींवर धावतात. १९६७ मध्ये हेलवुडने होंडावर ताशी १०८.७७ मैलांचा विक्रम केला होता. क्लासिक गटातील प्रतिकृतींनी तो वेगही मागे टाकला आहे. यंत्रे बदलली, भिंती मात्र जेथे होत्या तेथेच आहेत.

या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्पर्धकांचा अंत झाला आहे. २०२२ च्या टीटीत जीपीएस आणि डिजिटल लाल निशाणांची व्यवस्था असूनही पाच स्पर्धक दगावले, तर सहाव्याचा नंतर मृत्यू झाला. स्पर्धक स्वेच्छेने धोका पत्करतात, हा समर्थकांचा युक्तिवाद निराधार नाही. मात्र याच धोक्यामुळे बेटाकडे पर्यटक येतात आणि जुन्या नाममुद्रांना झळाळी मिळते, हेही तितकेच खरे आहे.

भारताचा संबंध

हा प्रश्न आता भारतालाही परका राहिलेला नाही. पहिल्याच टीटीत विजयी ठरलेली नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएस मोटर कंपनीने विकत घेतली. हौशी स्पर्धकांच्या क्लबमन्स टीटीत १९५० च्या दशकात वर्चस्व गाजवणारे बीएसए हे नाव २०१६ मध्ये महिंद्र समूहाकडे आले. रॉयल एनफील्डचे केंद्र तर चेन्नईतच आहे. ब्रिटनच्या शर्यतींचा गौरव हे या कंपन्यांचे मोठे भांडवल आहे.

रॉयल एनफील्डने २०२१ मध्ये भारतात जुन्या धाटणीच्या मोटरसायकलींची शर्यत मालिका सुरू केली, ती बंदिस्त धावपट्टीवर. जुन्या यंत्रांची लय, त्यांचा आवाज आणि ती हाताळण्याचे कौशल्य टिकवण्यासाठी घरांच्या भिंतींमधून धावणे अपरिहार्य नाही, हे त्यातून दिसते. आयल ऑफ मॅनच्या स्मृतींचा मान राखायचा, तर तेथील विजेत्यांच्या यादीबरोबर परत न आलेल्यांची यादीही वाचावी लागेल. त्या इतिहासाची नावे विकत घेणाऱ्यांवर ही जबाबदारी अधिकच येते.