वर्ग आणि कारखाना, आलटूनपालटून

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी चर्चा होते ती कॉलेजची आणि शाखेची. पदवी घेता घेता मुलांचे हात प्रत्यक्ष कामाला कधी लागणार, हे क्वचितच कोणी विचारतं. या अंकात आम्ही तोच प्रश्न धरला आहे.

१९०६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थ्यांना घेऊन वर्ग आणि कारखाना यांची सांगड घातली. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये याच पद्धतीवर उभं राहिलं. तिथल्या अभियांत्रिकीत साधारण चार महिने अभ्यास, चार महिने पगारी नोकरी, असं चक्र चालतं. पदवीला जवळजवळ पाच वर्षं लागतात, पण गाठीला दीडदोन वर्षांचा अनुभव असतो. आम्हाला या पद्धतीचं खरं बळ दिसतं ते पुन्हा वर्गात परतण्यात. यंत्राशी झगडून आलेला विद्यार्थी शिक्षकांना वेगळेच प्रश्न विचारतो. अभ्यास सांभाळून नोकरी शोधायची, नकार पचवायचे, सारखं बिऱ्हाड हलवायचं, हा ताणही मोठा आहे. तो आम्ही झाकलेला नाही.

आपल्याकडे विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून उद्योगात कामाला पाठवणाऱ्या बिट्स पिलानीच्या ‘प्रॅक्टिस स्कूल’ची वाट जुनी आहे. चाकण, सातपूर, वाळूजचे कारखाने इतके जवळ असताना आपल्या मुलांनी इंटर्नशिपच्या नुसत्या प्रमाणपत्रावर समाधान मानावं, हे आम्हाला पटत नाही.

विद्यार्थी, प्राध्यापक, उद्योजक, तुमचे अनुभव आणि मतभेद आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यांना जागा राखून ठेवली आहे.