साठ पत्त्यांमागचा हिशोब

पत्ते म्हटले की आपल्या घरांत मोठ्यांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती पडायलाच हवी. पैसे लावून खेळलेल्या पत्त्यांनी किती संसार धुळीला मिळवले, हे आपल्या मोहल्ल्यांनी पाहिले आहे. पण आज दहा-बारा वर्षांचा मुलगा ‘अब्बा, मला चारिझार्डचा डेक हवाय’ म्हणतो, तेव्हा तो त्या पत्त्यांविषयी बोलत नसतो. तो पोकेमॉनच्या पत्त्यांविषयी बोलत असतो. ईदीचे पैसे हाती आले की ते याच पत्त्यांच्या चकचकीत पाकिटांत जातात. पाकीट फोडले जाते, चार मिनिटे आरडाओरडा होतो आणि पत्ते कपाटाच्या कोपऱ्यात जाऊन पडतात. मग अम्मी विचारते, ‘हे नक्की आहे तरी काय? यात पैसा घालावा का?’

या महिन्यात या प्रश्नाकडे जरा वेगळ्या दाराने जाऊ. जगातले अव्वल खेळाडू स्पर्धेसाठी आपले पत्ते कसे निवडतात, ते पाहू. ते एकदा कळले की पैशांच्या प्रश्नाचे उत्तर पालकांना आपोआप सापडेल.

खेळ थोडक्यात

हा खेळ १९९६ साली जपानमध्ये सुरू झाला. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत सगळ्यांचा मिळून एकच कॅट असतो. इथे प्रत्येक खेळाडू स्वतः निवडलेले बरोबर ६० पत्ते घेऊन येतो. या साठ पत्त्यांना डेक म्हणतात. एकाच नावाचे चारपेक्षा जास्त पत्ते चालत नाहीत, फक्त साध्या एनर्जीच्या पत्त्यांना ही मर्यादा नाही. पत्त्यांचे तीन प्रकार असतात. लढणारे पोकेमॉन, त्यांना बळ देणारी एनर्जी आणि मदतीला येणारे ट्रेनर.

सुरुवातीला हातात ७ पत्ते येतात आणि ६ पत्ते बक्षीस म्हणून बाजूला उपडे ठेवले जातात. समोरच्याचा साधा पोकेमॉन बाद केला की एक बक्षीस मिळते, ‘ईएक्स’ हे बिरुद असलेला तगडा पोकेमॉन बाद केला की दोन. सहाही बक्षिसे आधी उचलणारा जिंकतो. समोरच्याकडे मैदानात एकही पोकेमॉन उरला नाही किंवा त्याच्या पाळीला ओढायला डेकमध्ये पत्ताच उरला नाही, तरीही सामना जिंकता येतो.

पत्ता कोणता येईल हे नशिबावर आहे, हे खरे. पण साठ पत्ते कोणते असतील, हे नशिबावर नाही. स्पर्धेत खेळाडूला आपल्या साठ पत्त्यांची यादी आधीच लिहून द्यावी लागते. त्यानंतर स्पर्धा संपेपर्यंत एकही पत्ता बदलता येत नाही. पत्त्यांच्या काही इतर खेळांत दोन डावांच्या मध्ये बदलायला थोडे राखीव पत्ते ठेवता येतात. पोकेमॉनमध्ये तशी सोय नाही. म्हणजे निम्मी लढाई टेबलावर बसण्याआधीच लढली जाते.

आघाडीचे डेक कोणते होते?

उदाहरणासाठी २०२४ चा मोसम घेऊ. त्या वर्षी मोठ्या स्पर्धांत काही डेक पुन्हा पुन्हा दिसत होते.

पहिला चारिझार्ड ईएक्सचा. ३३० एचपी म्हणजे बाद करायला अवघड. हा पत्ता हातातून उत्क्रांत केला की डेकमधून तीन एनर्जी शोधून लावता येतात. त्याचा मारा १८० चा, आणि समोरच्याने उचललेल्या प्रत्येक बक्षिसामागे त्यात ३० ची भर पडते. जितके मागे पडाल तितका हा जोरात मारतो. जोडीला पिजॉट ईएक्स असतो. त्याच्यामुळे प्रत्येक पाळीला डेकमधून हवा तो एक पत्ता शोधून घेता येतो.

दुसरा गार्डेव्होर ईएक्सचा. टाकून दिलेल्या पत्त्यांतली सायकिक एनर्जी हा परत आणून आपल्या पोकेमॉनला लावतो, पण प्रत्येक वेळी त्या पोकेमॉनला थोडी इजा सोसावी लागते. फार हिशोबाने खेळावा लागणारा डेक. नवशिक्याच्या हातात तो स्वतःलाच जखमी करून घेतो.

तिसरा रेजिंग बोल्ट ईएक्सचा. हा सरळ घाव घालणारा. एनर्जीचा जितका पत्ता टाकून द्याल, तितक्या वेळा ७० चा मारा. चार पत्ते टाकले की २८०. ओजरपॉन ईएक्स त्याला एनर्जी पुरवतो.

आणि चौथी जात अडवणाऱ्या डेकची. स्नोरलॅक्स समोर बसवायचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पोकेमॉनला मागे जाता येत नाही. मग मारामारी न करता सब्र धरून बसायचे आणि त्याचे पत्ते संपू द्यायचे.

मुलांच्या गप्पांत एकच वाद चालतो, यातला सगळ्यात ताकदवान कोण? अनुभवी खेळाडू मात्र हा प्रश्न विचारत नाही. तो विचारतो, त्या दिवशी समोर कोण कोण बसणार आहे?

ताकद नव्हे, अंदाज

कागदावर एक काल्पनिक हिशोब मांडून पाहा. समजा स्पर्धेत शंभर खेळाडू आहेत. ४० जणांकडे ‘अ’ डेक आहे, ३० जणांकडे ‘ब’ आणि ३० जणांकडे ‘क’. तुमच्याकडे एक विचित्र डेक आहे. तो ‘अ’ विरुद्ध शंभरातले ७० सामने जिंकतो, ‘ब’ विरुद्ध ५० आणि ‘क’ विरुद्ध फक्त ३५. सरासरी काढली तर तुमच्या जिंकण्याचे प्रमाण शंभरात ५३.५ येते. चांगला डेक!

आता पुढच्या महिन्यातली स्पर्धा घ्या. ‘अ’ वाले कंटाळून १५ उरले, ‘ब’ वाले ३० राहिले आणि ‘क’ वाले ५५ झाले. तुमच्या डेकमधला एकही पत्ता बदललेला नाही, पण सरासरी घसरून ४४.७५ वर आली. डेक तोच, खेळाडू तोच, फक्त समोरची माणसे बदलली.

म्हणून डेकची किंमत डेकमध्ये नसते, ती बाकीच्यांनी काय आणले आहे यावर ठरते. ‘आघाडीचा डेक’ हे बिरुद कायमचे नसते. एखादा डेक फार जिंकू लागला की सगळे त्याला उत्तर शोधतात, मग त्या उत्तराचा डेक वर येतो आणि लगेच त्याचेही उत्तर शोधले जाते.

होनोलुलूची गोष्ट

ऑगस्ट २०२४ मध्ये हवाई बेटांवरच्या होनोलुलू शहरात पोकेमॉनची जागतिक स्पर्धा झाली. मोठ्यांच्या गटात जिंकला चिली देशाचा फर्नांडो सिफुएंतेस. त्याचा डेक ना चारिझार्डचा होता, ना गार्डेव्होरचा. त्याने आणला होता आयर्न थॉर्न्स ईएक्स.

या पोकेमॉनची अंगची ताकद बेताची. २३० एचपी आणि १४० चा मारा. पण तो पुढे उभा असेपर्यंत दोन्ही बाजूंच्या ‘ईएक्स’, ‘व्हीस्टार’ अशा बिरुदवाल्या पोकेमॉनचे खास गुण बंद पडतात. फक्त ‘फ्यूचर’ म्हणजे भविष्यकालीन गटातले पोकेमॉन त्यातून सुटतात, आणि आयर्न थॉर्न्स स्वतः त्याच गटातला आहे.

आता वरची यादी पुन्हा वाचा. पिजॉटचे पत्ता शोधणे बंद. चारिझार्डला तीन एनर्जी लावणे बंद, आता पाळीला हाताने एकच लावा. गार्डेव्होरचे एनर्जी परत आणणे बंद. ओजरपॉनचा पुरवठा बंद. जवळजवळ सगळे आघाडीचे डेक याच खास गुणांवर चालत होते. सगळ्या शहराची वीज गेली आणि कंदील फक्त याच्या घरात होता! त्याला ५०,००० डॉलरचे बक्षीस मिळाले. मायदेशी परतल्यावर चिलीचे राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल बोरिच यांनी राष्ट्रपती भवनात त्याची भेट घेतली.

अशी उदाहरणे आणखीही आहेत. २०२२ साली लंडनमध्ये चेक प्रजासत्ताकाचा ओंद्रेई श्कुबाल आर्सिअस आणि उडणाऱ्या पिकाचूचा डेक घेऊन जगज्जेता झाला. त्या मोसमात पाल्कियाचा डेक जोरात होता आणि पाल्कियाला विजेचा मारा दुप्पट लागतो. पिकाचू विजेचाच. २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोत जपानचा शिंतारो इतो मेगा ऑडिनो घेऊन जिंकला. या पोकेमॉनला आघाडीच्या यादीत कोणी धरलेच नव्हते.

पण यावरून ‘विचित्र डेक आणला की जिंकलो’ असा अर्थ मुलांनी काढू नये. २०२३ साली जपानच्या योकोहामात अमेरिकेचा व्हान्स केली जिंकला तो म्यू व्हीमॅक्सच्या डेकने. तो डेक नवा नव्हता, सगळ्यांना ओळखीचा होता. कधी सर्वांना माहीत असलेला डेक इतरांपेक्षा बारकाईने खेळणे हीच योग्य निवड ठरते. मेहनत दोन्हीकडे लागते. आयर्न थॉर्न्स आणायचा तर समोरचे डेक अंतर्बाह्य माहीत हवेत. म्यू आणायचा तर स्वतःचा डेक.

आता पैशांचे बोलू

वरच्या साऱ्या गोष्टीत एक शब्द कुठेच आला नाही, तो म्हणजे ‘दुर्मिळ’. एकाच पोकेमॉनचे साधे पत्तेही निघतात आणि खास चित्राचे, चमकणारे, महागडेही. साध्या चारिझार्ड ईएक्सची किंमत खास चित्रवाल्याच्या तुलनेत अगदी किरकोळ असते. टेबलावर दोघांची ताकद मात्र एकच, ३३० एचपी आणि तोच मारा. पंच चित्र पाहून गुण देत नाही.

म्हणून ज्याला खरोखर खेळायचे आहे, त्याने बंद पाकिटे फोडू नयेत. जो पत्ता हवा तो नाव सांगून सुटा विकत घ्यावा. बंद पाकिटात काय निघेल हे ना विकणाऱ्याला माहीत, ना घेणाऱ्याला. महागडा पत्ता निघेल या आशेने पाकिटामागून पाकीट घेणे, ही सवय कोणत्या वाटेने जाते ते सांगायला नको. व्यवहारातल्या अशा संदिग्धतेला आपल्याकडे ‘गरर’ म्हणतात, आणि घरात त्याची चर्चा मुलांसमोर व्हायला हवी. २००१ साली सौदी अरबच्या ग्रँड मुफ्तींनी पोकेमॉनविरुद्ध फतवा दिला, तेव्हा जुगाराशी साम्य हे त्यातले एक कारण होते. ज्यांना याबाबत शंका आहे, त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांचा मशवरा घ्यावा. पण मशवरा घेताना पाकिटे फोडणे आणि डेक बांधून खेळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्यापुढे नीट मांडावे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गल्लीतल्या दुकानात दहा-वीस रुपयांना टांगलेले सोनेरी प्लास्टिकचे पत्ते बहुतेक नकली असतात. स्पर्धेत ते चालत नाहीत. दुसरे, पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर छापलेले असते. ठराविक काळाने जुन्या अक्षराचे पत्ते मुख्य स्पर्धांतून बाद होतात. एप्रिल २०२५ मध्ये ‘एफ’ अक्षराचे पत्ते असेच बाद झाले. म्हणजे आजचा महागडा डेक दोन-तीन वर्षांनी त्या स्पर्धेत नेताच येणार नाही. त्यात पैसा ‘गुंतवला’ असे कोणी म्हणत असेल तर आधी हे अक्षर पाहा.

घरात काय करता येईल

सराव फुकट होतो. या खेळाचे अधिकृत मोबाइल ॲप मोफत आहे. मोठ्या स्पर्धांतल्या विजेत्यांच्या साठ-साठ पत्त्यांच्या याद्या इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात. कागदाचे तुकडे कापून त्यावर नावे लिहिली तरी भाऊ-बहिणींना घरी खेळता येते. कोणता डेक आपल्या स्वभावाला जमतो, हे रुपया खर्च न करता कळते.

आणि मुलगा किंवा मुलगी डेक मागायला आली की लगेच ‘नाही’ म्हणू नका, लगेच पाकीटही काढू नका. एक वही द्या. त्यात साठ पत्त्यांची नावे लिहायला सांगा. प्रत्येक पत्ता का हवा, ते एका ओळीत. हा डेक कोणत्या तीन डेकसमोर जिंकेल आणि कोणत्या एकासमोर हरेल, तेही. प्रत्येक सुट्या पत्त्याची किंमत आणि शेवटी बेरीज. त्याखाली, हे पत्ते कोणत्या अक्षराचे आहेत आणि आणखी किती दिवस चालतील, हे लिहायचे.

बरीच मुले पहिल्या पानावरच थांबतील. त्यांना पत्ते नको होते, पाकीट फोडण्याची मजा हवी होती. ईदीचे पैसे वाचले. पण एखादी मुलगी पाच दिवसांनी भरलेली वही घेऊन येईल आणि चारिझार्ड सोडून मी हा दुसराच डेक का निवडला, ते अब्बांना समजावून सांगेल. तिचे ऐकून घ्या, मधेमधे खोचक प्रश्न विचारा, बेरीज तपासा. मग तिच्यासाठी ते साठ पत्ते घ्यायला हरकत नसावी.