परळीतला अर्धा तास

शुक्रवारी रात्रभर डेडलाइन, शनिवारी पहाटे बाइकला किक आणि पुण्याहून थेट सांगली. साताऱ्यापर्यंत डोळे मिटायला लागले. आईला फोन केला, ‘उशीर होईल गं.’ ती म्हणाली, ‘तुझं नेहमीचंच.’ बस्स, एवढंच!

हायवे सोडून सज्जनगडाकडे वळलो. गड चढायचं त्राण नव्हतं, म्हणून पायथ्याच्या परळी गावातच थांबलो. तिथे महादेवाची दोन जुनी दगडी देवळं आहेत. एक उभं, एक पडकं. सावली बघून मी पडक्यापाशीच बसलो.

अशा देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत हे १३व्या शतकातले, देवगिरीच्या यादवांचे मंत्री. बांधणीची ही पद्धत मात्र त्यांच्याही आधीची. चुना नाही, काही नाही. दगडाला खाचा पाडायच्या, एकात एक बसवायचे, बाकी काम वजनच करतं. असं देऊळ सहसा एका रात्रीत पडत नाही. सांध्यात झाडाचं मूळ शिरतं, पाणी मुरतं, कुणी बघत नाही. मग एक दगड सरकतो.

माझं घरी जाणंही आधी दर महिन्याला होतं. मग गणपती-दिवाळीला. हल्ली नुसता फोन.

पुन्हा नंबर लावला. ‘आई, जेवायला येतोय. थांब माझ्यासाठी.’

तुम्हीही सज्जनगडला निघालात तर परळीत अर्धा तास काढाच. कोरीव दगड डोळे भरून बघा, त्यावर नावं मात्र कोरू नका. आणि घरी फोन करा!