नाव पाहावे की बांधणी?

व्यापारी माणसाच्या हाती कापड आले की त्याचे बोट आधी किनारीकडे जाते. छाप, रंग, वेष्टन हे सर्व नंतर. आम्ही आयुष्यभर कापड विकले आणि ही सवय दुसरा कोणताही माल पाहताना सुटत नाही. म्हणून आज या पानावर एक वेगळाच माल पारखायला घेतला आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात वापरलेल्या, काळ्या दारूवर चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरच्या नव्याने घडवलेल्या प्रतिकृती. दारू म्हणजे अर्थातच बंदुकीची.

कापडवाल्याचा या मालाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. १८६१ ते १८६५ या युद्धात दक्षिणेकडील अमेरिकन बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि १८६५ साली युद्ध संपताच तो ओसरला. दुसरा धागा दारूचा. काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. त्या काळी उत्तम सोरा हिंदुस्थानातून, विशेषतः बिहारमधून जात असे. १८६१ च्या अखेरीस ट्रेंट जहाजाच्या प्रकरणावरून इंग्लंड व अमेरिका यांचे बिनसले, तेव्हा ड्यु पाँ घराण्याने अमेरिकन सरकारसाठी लंडनमध्ये खरेदी केलेला सोरा इंग्रज सरकारने अडवून ठेवला. तंटा मिटल्यावरच तो मोकळा झाला. म्हणजे कापूसही आपला आणि सोराही आपला. फक्त गोळी त्यांची.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गोळी सुटू शकणाऱ्या शस्त्राला परवाना लागतो; तोंडाने भरायच्या जुन्या पद्धतीचे म्हणून ते सुटत नाही. तेव्हा आम्ही कोणाला खरेदीचा सल्ला देत नाही. आम्हाला विकायचे नाही आणि घ्यायचेही नाही. पारख मात्र अशीच निर्मळ होते.

या रिव्हॉल्व्हरला आजच्यासारखे तयार काडतूस नसते. फिरत्या सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यात आधी मोजून दारू घालायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांड्याने ती दाबून बसवायची. एका कप्प्याची ठिणगी शेजारच्या कप्प्यात जाऊ नये म्हणून बरेच जण गोळीवर चरबी लावतात. मागच्या बाजूला प्रत्येक कप्प्याला तांब्याची बारीक टोपी बसवायची. घोडा त्या टोपीवर पडला की ठिणगी आत जाते. सहा बार भरायला काही मिनिटे सहज जातात.

बाजारात मुख्य उमेदवार दोन घराण्यांचे. पहिले घराणे सॅम्युएल कोल्टचे. त्याने १८३५ मध्ये इंग्लंडात आणि १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले आणि १८५७ पर्यंत अमेरिकेत मैदान आपल्याच हाती ठेवले. त्याचे १८५१ चे 'नेव्ही' मॉडेल ३६ कॅलिबरचे, आणि १८६० चे 'आर्मी' मॉडेल ४४ कॅलिबरचे. नेव्हीच्या सिलिंडरवर १८४३ च्या कांपेचे येथील समुद्री लढाईचे चित्र कोरलेले असते. मूठ हातात अशी बसते की जणू हाताचे माप घेऊन केली आहे. देखणेपणात कोल्टला तोड नाही, हे आम्ही आधीच मान्य करतो.

दुसरे घराणे रेमिंग्टनचे. त्यांचे ४४ कॅलिबरचे 'न्यू मॉडेल आर्मी' दिसायला साधे, थोडे राकट. येथे नावाची एक गंमत आहे. बाजारात या मॉडेलला सर्रास '१८५८ रेमिंग्टन' म्हणतात, पण ते कारखान्यातून बाहेर पडू लागले १८६३ च्या सुमारास. नळीवर १४ सप्टेंबर १८५८ ही पेटंटची तारीख ठोकलेली असते आणि लोकांनी तीच जन्मतारीख धरली. छापावर लिहिले तेच खरे मानणारे ग्राहक सर्व देशांत सारखेच!

आता किनार पाहू. कोल्टचा सांगाडा वरून उघडा आहे. नळी आणि मागचा भाग यांना एक आस आणि एक पाचर एवढेच धरून ठेवतात. पाचर ढिली झाली की सगळेच ढिले. नेम धरण्याची मागची खाच घोड्यावरच कोरलेली असते, म्हणजे जो भाग हलतो त्याच्यावर नेमाचा भरवसा. फुटलेल्या टोपीचे तुकडे घोड्याच्या फटीत पडून काम अडते, हीही त्याची नेहमीची तक्रार. रेमिंग्टनच्या सिलिंडरवरून मात्र पोलादाची पट्टी जाते आणि चौकट चारही बाजूंनी बंद होते. नेमाची खाच त्या पट्टीवर, जागची न हलणारी. दोन कप्प्यांच्या मध्ये घोडा टेकवण्यासाठी खाचा आहेत, म्हणजे भरलेल्या कप्प्यावर घोडा ठेवण्याचा धोका नाही. खालचा दांडा उतरवून खीळ पुढे ओढली की सिलिंडर बाजूने निघून येतो. पाचर ठोकायला हातोडी शोधावी लागत नाही.

दोष रेमिंग्टनलाही आहेत, ते झाकणे व्यापाऱ्याला शोभत नाही. काळी दारू जळाली की काजळीचा थर बसतो. कोल्टची आस जाड आणि चरबी धरून ठेवण्याजोगे आटे पाडलेली, म्हणून ती जास्त वेळ मोकळी फिरते. रेमिंग्टनची खीळ बारीक व गुळगुळीत. काही फैरींनंतर सिलिंडर जड होतो, तो पुसून घ्यावा लागतो. शिवाय ही काजळी ओल ओढते आणि लोखंड खाते. म्हणून माल कोणताही असो, त्याच दिवशी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन, कोरडा करून तेल लावले नाही तर गंज ठरलेला.

युद्धाच्या आरंभी सरकार कोल्टच्या एका नगाला सुमारे २५ डॉलर मोजत होते. रेमिंग्टनचा दाम जवळपास त्याच्या निम्मा होता. १८६४ च्या फेब्रुवारीत हार्टफर्डचा कोल्टचा कारखाना आगीत जळाला आणि युद्धाच्या अखेरच्या काळात लष्कराची खरेदी मुख्यतः रेमिंग्टनकडे गेली. कीर्ती मात्र कोल्टचीच राहिली. आजही प्रतिकृती मागणारा आधी कोल्टचेच नाव घेतो. हे नावाचे वजन आहे, पोलादाचे नव्हे.

या प्रतिकृती मुख्यतः इटलीत, ब्रेशा शहराच्या परिसरात होतात. तेथील वाल त्रोंपिया हे खोरे शतकानुशतके बंदुका घडवीत आले आहे. बेरेटा घराण्याने व्हेनिसला १८५ नळ्या विकल्याची नोंद १५२६ ची आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस युद्धाची शताब्दी जवळ आली, तेव्हा व्हॅल फोरगेट या अमेरिकन व्यापाऱ्याने जुन्या नेव्हीची प्रतिकृती तेथील कारागिरांकडून करवून घेतली. १९५९ मध्ये आल्दो उबेर्ती यांचा कारखाना सुरू झाला, पुढे पिएत्ता यांचा. १९७१ मध्ये खुद्द कोल्ट कंपनीने आपले जुने मॉडेल पुन्हा बाजारात आणले, तेव्हा त्याचे कच्चे भाग इटलीतूनच आले. ज्याची नक्कल, तोच नक्कल करणाऱ्याच्या दारी गिऱ्हाईक!

आमच्या कारागीर बांधवांनी येथे थांबून विचार करावा. हे लोक नक्कल करतात, पण फसवत नाहीत. नळीवर घडवणाऱ्याचे नाव, 'केवळ काळी दारू' असा इशारा, गार्दोने येथील सरकारमान्य चाचणीगृहाचा ठसा आणि कोणत्या साली तपासले त्याची खूण असते. हाच माल आम्लाने जुनाट करून, ठसे घासून, अस्सल म्हणून विकणारेही जगात आहेत. हातमागाचा म्हणून यंत्रमागाचा ताका खपवणाऱ्यांचे ते सख्खे भाऊ. फरक हुनरात नाही, ठशात आहे.

एक फरक धातूचाही. काही स्वस्त प्रतिकृतींची चौकट पितळेची असते. दिसायला सोन्यासारखी, पण जास्त दारूने हळूहळू ताणली जाते. दक्षिणेकडे लोखंडाचा तुटवडा होता, म्हणून जॉर्जियातील ग्रिसवोल्डच्या कारखान्याने कोल्टच्या धर्तीवर पितळी चौकटी केल्या. त्यांची पितळी प्रतिकृती इतिहासाला धरून आहे. पण पितळी चौकटीचे ४४ चे रेमिंग्टन त्या युद्धात कोणी पाहिले नव्हते. तो केवळ बाजाराने घडवलेला दागिना आहे.

तेव्हा आमची पसंती कोणती? पोलादी चौकटीचे रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मी. कोल्टचे चित्र आणि मूठ मनात भरते हे खरे, पण चार बाजूंनी बांधलेली चौकट, जागची न हलणारी खाच आणि माफक दाम यांपुढे आम्ही देखणेपणाला दुसरा क्रमांक देतो. ज्याला भिंतीवर टांगायचे असेल त्याने कोल्ट निवडावे. त्याच्याशी आमचे भांडण नाही.

व्यापारी आणि कारागीर बंधूंनी यातून एवढेच घ्यावे. गिऱ्हाईक पहिल्यांदा नावाला भुलून येते, पण दुसऱ्यांदा येते ते बांधणीमुळे. आपल्या मालाची बांधणी घट्ट ठेवावी, आणि माल नकलेचा असला तरी ठसा आपलाच ठोकावा.